‘हे कोणाकडून आलं?’ – जनुकं, वारसा आणि घरात शोधला जाणारा दोषी

पारंबी:

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी आनुवंशिक आजारांचं समुपदेशन करते. म्हणजे चाचणीचा रिपोर्ट आला की तो घरच्यांना समजेल असा सांगायचा, पुढे काय काय करता येईल ते मांडायचं, आणि मधे जे रडू येतं, राग येतो, त्याला वेळ द्यायचा. या कामात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न एकच: "हे कोणाकडून आलं?" प्रश्न साधा आहे, पण त्यात बहुतेक वेळा माहिती नको असते, दोषी हवा असतो.

मध्यंतरी एक जोडपं आलं होतं. बाळाला थॅलसेमिया मेजर, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार. मी कागदावर वंशावळ काढत होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजारी व्यक्तीची आकृती पूर्ण भरायची, वाहकाची (स्वतः आजारी नाही, पण बिघडलेलं जनुक पुढे देऊ शकते अशा व्यक्तीची) अर्धी. आईचं वर्तुळ अर्धं भरून झालं तशी तिने त्यावर बोट ठेवलं. "ही मी ना?" मी हो म्हटलं. तिची मान खाली गेली. मग मी शेजारचा चौकोनही तसाच अर्धा भरला. दोघं बराच वेळ त्या दोन अर्ध्या आकृत्यांकडे बघत बसले. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे माझ्याकडूनही." रिपोर्टमध्ये हे आधीच लिहिलेलं होतं. त्याने तो वाचलाही होता. तरी बाळाचा आजार हा तोवर फक्त तिचा होता.

म्हणून हा धागा. ‘खाण तशी माती’, ‘रक्तातच आहे’, ‘बापाच्या वळणावर गेला’ असं आपण सहज बोलतो. त्यातलं थोडं खरं आहे, पण वारसा प्रत्यक्षात कसा चालतो ते या बोलण्यातून कळत नाही.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आपण मुलाला त्यातली एकच देतो आणि कोणती जाईल हे आपल्या हातात नसतं. थॅलसेमियासारख्या आजारात एक प्रत नीट चालणारी असली की माणूस व्यवस्थित जगतो. त्याला आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. अशा जोडप्याला दोन मुलं झाली तर दोन्ही धडधाकट निघण्याची शक्यता सोळात नऊ, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे "आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं" हे वाक्य पूर्ण खरं असू शकतं आणि तरी ती प्रत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते.

अनुभव असतील तर जरूर लिहा. प्रश्नही विचारा.


उत्तररात्र:

फार गरजेचा धागा. एक शंका. चारात एक म्हणजे पहिलं मूल आजारी असेल तर पुढची तिघं सुटली, असंच ना? आमच्या नात्यात एका डॉक्टरांचं बोलणं ऐकून सगळ्यांचा असाच समज झाला होता, आणि त्या भरवशावर दुसऱ्या वेळी तपासणी केलीच नाही.


पारंबी:

उत्तररात्र, नाही. हा गैरसमज मी सतत बघते आणि तो फार महागात पडतो. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. मागचं मूल कसं जन्मलं याची त्या पेशींना खबर नसते. दुसऱ्या वेळीही चारात एकच, तिसऱ्या वेळीही. मी आता ‘चारात एक’ एवढंच सांगून थांबत नाही. "प्रत्येक वेळी, नव्याने" हे शब्द कागदावर लिहून देते. तपासणी राहून गेली यात त्या आईवडिलांची चूक नव्हती, त्यांना नीट सांगितलं गेलं नव्हतं.


टिपकागद:

मी जीवशास्त्र शिकवतो. ‘वाहकाला कल्पनाही नसते’ या वाक्यावर थोडं लिहावंसं वाटतंय, कारण हा माझा आवडता भाग आहे.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात ब्रनोच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) मठात सुमारे २८ हजार वाटाण्याची रोपं वाढवली. तेव्हा सर्वसाधारण समज असा होता की आईवडिलांचे गुण दोन रंग मिसळावेत तसे मिसळतात. त्याने गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणाचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्यापुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. सुरकुती रंगासारखी मिसळली असती तर पुन्हा अशी स्वच्छ वेगळी निघालीच नसती. ती मधल्या पिढीत न दिसता तशीच होती. १८६६ मध्ये निबंध छापला, १८८४ मध्ये मेंडेल वारला, आणि त्या निबंधाचं मोल लोकांना कळलं ते १९०० मध्ये.

सुरकुती म्हणजे नक्की काय, हे कळायला १९९० उजाडलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम असतं. त्याच्या जनुकात डीएनएचा सुमारे ८०० अक्षरांचा (डीएनए ज्या चार रासायनिक घटकांनी लिहिलेला असतो ती अक्षरं) एक तुकडा मधेच घुसलाय. एन्झाइम बनत नाही, स्टार्च कमी तयार होतो, साखर साठून राहते. साखर पाणी ओढते, कोवळा दाणा जास्त फुगतो, आणि वाळताना आतलं पाणी गेलं की सैल झालेल्या सालीला सुरकुत्या पडतात. एवढंच. ‘अप्रभावी’ या शब्दामुळे मुलांना वाटतं की तो गुण दुबळा. तो बहुतेकदा बंद पडलेल्या प्रतीचा परिणाम असतो, आणि दुसरी प्रत चालू असेल तर तिच्यावर निभावतं.

आता मुख्य मुद्दा. संकरित दाणा बाहेरून गोलच दिसतो. पण त्याचा पातळ काप घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरा. शुद्ध गोल दाण्यातले स्टार्चचे कण निळेजांभळे, लांबट, गुळगुळीत कडांचे. सुरकुतलेल्या दाण्यातले कण भेगाळलेले, तुकडे एकत्र चिकटवल्यासारखे. आणि संकरित दाण्यात? दोन्हींच्या मधले. लपलेली प्रत खरं तर लपलेली नसतेच. आपण कुठे बघतो यावर ते ठरतं.


पारंबी:

टिपकागद, वाहकांचं अगदी हेच आहे. बीटा थॅलसेमियाचा वाहक बाहेरून ठणठणीत असतो, पण साध्या रक्ततपासणीत त्याच्या लाल पेशी सहसा आकाराने लहान निघतात, आणि हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजलं तर ते ३.५ टक्क्यांच्या वर सापडतं. बऱ्याचदा ‘लोह कमी आहे’ म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि खरं कारण राहून जातं. लोह घेऊनही पेशी लहानच राहत असतील तर ए-२ तपासायला सांगा. हे एवढं एक वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं तरी धागा काढल्याचं सार्थक होईल.


काजवा:

पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझ्या आत्याला आणि आजीला (वडिलांची आई) स्तनांचा कर्करोग झाला. माझी तपासणी झाली तेव्हा फॉर्मवर विचारलं होतं, "आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला?" मी ‘नाही’ लिहिलं. खरंच नव्हतं. वडिलांच्या बाजूचं कुणी विचारलंच नाही आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. बायकांचा आजार बायकांकडूनच येणार, हा माझा समज. गेल्या वर्षी आत्याने चाचणी केली, बीआरसीए-२ मध्ये (बिघडलं तर कर्करोगाचा धोका वाढवणारं एक जनुक) बदल निघाला. मग माझ्यात. म्हणजे मधे बाबा आहेत. त्यांना कळलं तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. रागाने नाही. त्यांना वाटतं, त्यांनी मला हे दिलं.


पारंबी:

काजवा, लिहिलंत ते बरं झालं. आधी बाबांसाठी. त्यांनी काही निवडलं नाही. त्यांच्याकडे दोन प्रती होत्या आणि नाणं उडवावं तशी त्यातली एक तुम्हाला मिळाली. त्यांनाही ती त्यांच्या आईकडून तशीच मिळाली, आणि आजीलाही आधीच्या कुणाकडून तरी. हा धागा मागे ओढत गेलं तर शेवटी एखाद्या पेशीत डीएनएची नक्कल होताना झालेली एक चूक सापडते. अशा चुका सगळ्यांमध्ये होतात. प्रत्येक बाळात साधारण ६० ते ७० नवी अक्षरं अशी असतात जी आई किंवा वडील कुणातच नव्हती. त्यातल्या बहुतेकांनी काहीही बिघडत नाही.

दुसरं, बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए-२ तेराव्या. स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे वडील हा बदल आईइतकाच देऊ शकतात, आणि मुलालाही तो मुलीइतकाच मिळू शकतो. तुमच्या फॉर्मवरचा प्रश्नच अपुरा होता. कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास घेताना दोन्ही बाजू विचारल्याच पाहिजेत.

तिसरं, शक्यता म्हणजे निकाल नव्हे. या दोन जनुकांतल्या घातक बदलांनी स्तनांच्या कर्करोगाची आयुष्यभराची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अमेरिकेतल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी ती १२-१३ टक्के धरतात. फरक मोठा आहे, मी तो कमी करून सांगणार नाही. पण म्हणूनच लवकरच्या वयापासून एमआरआय, औषधं, शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. आजीला हे काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला वेळेत कळलंय.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. घरबसल्या थुंकी पाठवून केलेल्या चाचणीत ‘काही आढळलं नाही’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अमेरिकेत २०१८ मध्ये थेट ग्राहकांसाठी मान्य झालेली बीआरसीएची पहिली चाचणी फक्त ३ बदल तपासत होती. माहीत असलेले बदल हजाराच्या वर. शिवाय ही माहिती बाहेर पडली तर ती एकट्याची राहत नाही, भावंडांची आणि मुलांचीही असते. २०२३ मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली.


साधावाचक:

वाचतोय, शिकतोय. पण मग आपल्या हातात उरलं काय? उंची, बुद्धी, स्वभाव, सगळंच जनुकांत लिहिलेलं असेल तर मुलांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.


टिपकागद:

साधावाचक, उंचीचंच घेऊ. एका समाजात, एकसारख्या परिस्थितीत वाढलेल्या लोकांमध्ये उंचीत जो फरक दिसतो त्याचा साधारण ८० टक्के भाग आनुवंशिक आहे असं मानतात. हे वाक्य नीट वाचायला हवं. तुमच्या उंचीतले ८० टक्के सेंटिमीटर जनुकांचे, असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे. सगळ्यांचंच पोषण सुधारलं तर अख्खी पिढी उंच होते आणि जनुकं तीच राहतात.

शिवाय ‘उंचीचं जनुक’ असं काही नाहीच. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डीएनए तपासून उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या. एकेका जागेचा वाटा किंचितसा. ज्या गुणाला मोजपट्टी लावता येते त्याची ही गत, तर स्वभावाचं एकच जनुक सापडल्याची बातमी आली की माझा विश्वास बसत नाही.

आणि एका जनुकाचा आजारही नशीब ठरत नाही. फिनाइलकीटोन्युरियात फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल मोडणारं एन्झाइम चालत नाही. ते रक्तात साठतं आणि बाळाच्या मेंदूची कायमची हानी होते. पण जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासलं आणि आहारातलं फिनाइलअ‍ॅलनिन पहिल्यापासून मोजून दिलं, तर तेच मूल शाळेत जातं, शिकतं, नोकरी करतं. जनुक होतं तसंच आहे, दुरुस्त केलेलं नाही. बदललं ते ताटातलं अन्न.

जाता जाता मांजराची गोष्ट. २००१ च्या शेवटी पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं. जिची पेशी घेतली ती मांजर तिरंगी, पांढरी-काळी-नारिंगी. पिल्लाचा डीएनए तोच, पण अंगावर नारिंगी ठिपका नाही. मांजराचा नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स फार लवकर बंद होतो. ज्या पेशीपासून पिल्लू बनवलं तिच्यात नारिंगीचा एक्स आधीच मिटलेला होता, तो परत उघडलाच नाही. हुबेहूब तीच अक्षरं असूनही.


शेवंती:

मग आईवडिलांनी सोसलेलं दुःख मुलांच्या डीएनएवर उमटतं म्हणतात, ते खरं का? दुसऱ्या महायुद्धातल्या दुष्काळाचं उदाहरण वाचलं होतं.


पारंबी:

शेवंती, ते उदाहरण खरं आहे. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात भीषण उपासमार झाली. तेव्हा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात असलेल्या लोकांमध्ये ६० वर्षांनंतरही एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. अक्षरं तीच, खुणा वेगळ्या. पण इथे जपून बोलावं असं मला मनापासून वाटतं. ते बाळ तेव्हा पोटात होतं, म्हणजे उपाशी तेही होतं. गर्भातल्या मुलीच्या पोटातली बीजंही तेव्हाच तयार होत असतात, म्हणजे नातवंडाची पेशीदेखील त्या उपासमारीतून गेलेली असते. याला पिढीजात वारसा म्हणायचं तर त्यापुढच्या पिढीत तो दाखवावा लागेल, आणि माणसांत तसा पुरावा फार कच्चा आहे. ‘माझ्या दुःखाने माझ्या मुलांची जनुकं बिघडली’ असं मानून झुरणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. विज्ञानाने असं काही म्हटलेलं नाही.


अनुस्वार:

माझ्या वडिलांना हंटिंग्टन आहे, मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार. त्यात एकच बिघडलेली प्रत पुरते. मला पन्नास टक्के. चाचणी उपलब्ध आहे हे मला माहीत आहे, कृपया कुणी आठवण करून देऊ नका. मी ती केलेली नाही. सगळे म्हणतात, शिकलेली असून असं कसं?


पारंबी:

अनुस्वार, करू नका, करा, उद्या करा, कधीच करू नका. हे ठरवायचा हक्क पूर्णपणे तुमचा आहे, आणि शिक्षणाचा याच्याशी काही संबंध नाही. धोका असलेले बहुसंख्य लोक चाचणी करून घेत नाहीत.

या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं एकापाठोपाठ येत राहतात. ४० किंवा जास्त वेळा आली की आजार होतो, आणि थांबवणारं औषध अजून हातात नाही. नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हा आजार होता. त्यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत वर्षानुवर्षं जाऊन हजारो माणसांच्या वंशावळी मांडल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातूनच १९८३ मध्ये जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं आणि १९९३ मध्ये ते सापडलं. ज्यांच्या कष्टातून ती चाचणी जन्मली, त्यांनी स्वतः ती केली की नाही हे सांगायला वर्षानुवर्षं नकार दिला. २०२० मध्ये, आजार दिसू लागल्यावर, आपल्याला तो असल्याचं त्यांनी सांगितलं.


अनुस्वार:

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.


उत्तररात्र:

क्रिस्परने (डीएनए नेमक्या जागी कापून बदलण्याचं तंत्र) हे सगळं दुरुस्त करता येईल का? बातम्यांत तर आलंच असं वाटतं.


टिपकागद:

काही आजारांत आलंय, खरंच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या १४६ पैकी सहावं अमिनो आम्ल चुकीचं असतं, कारण डीएनएत ‘ए’च्या जागी ‘टी’. एका अक्षराने लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालेला क्रिस्परचा उपचार गंमत म्हणजे त्या अक्षराला हात लावत नाही. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर ते बंद होतं. ते बंद करणारी कळच रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या पेशींत मोडून टाकतात. गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि काम भागतं.

पण त्याआधी जोरदार केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, महिनोन्‌महिने जातात, आणि हे करू शकणारी रुग्णालयं मोजकी आहेत. आणि बदल त्या रुग्णापुरता राहतो, मुलांत जात नाही. भ्रूणात बदल करणं ही वेगळीच गोष्ट. २०१८ मध्ये चीनमध्ये एका शास्त्रज्ञाने तसं करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं, त्याला पुढे तुरुंगवास झाला. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच्या ठाम विरोधात आहे.


काजवा:

परत आले. पारंबीताई, तुमचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून बाबांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "आईला कुणी दिलं असेल गं?" आणि आजीच्या माहेरची नावं आठवत बसले. मी कागद घेतला, चौकोन आणि वर्तुळं काढली. कितीतरी आकृत्यांवर प्रश्नचिन्ह आहे. आता माझ्या भावाला चाचणी करायची आहे. त्याला काय सांगू? बीआरसीए-२ तपासून घे, एवढं पुरेल?


पारंबी:

एवढं पुरणार नाही. नुसतं जनुकाचं नाव सांगितलं तर प्रयोगशाळा सगळं जनुक वाचेल आणि एखादा अर्थ न कळणारा बदल समोर येऊन तो उगाच धास्तावेल. तुमच्या रिपोर्टमध्ये त्या बदलाचं पूर्ण नाव असतं, ‘सी’ अक्षर, टिंब, मग आकडा आणि अक्षरं. त्याला नेमका तोच बदल तपासायला सांगा. तो नसेल तर घरातला हा धोका त्याच्याकडे आलेला नाही, असं खात्रीने म्हणता येईल. त्या पानाचा फोटो त्याला पाठवा, पहिल्या पानाचा नको.


काजवा:

पाठवला. बाबा त्याच्याबरोबर जाणार आहेत.